राजगुरू, अंबादेवीचे दार आणि आपले चरित्रकार

२३ मार्च आला की वऱ्हाडातल्या शाळांतून शिवराम हरी राजगुरूची कहाणी सांगितली जाते. १९०८ साली खेडला जन्म, काशीतले संस्कृत अध्ययन, अमरावतीच्या हनुमान व्यायामशाळेतली तालीम, १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात सँडर्सवर झाडलेली गोळी, अकोल्याकडचे भूमिगत दिवस, पुण्यातली अटक आणि १९३१ चा फास. वय अवघे २२. या त्यागापुढे आपण निःसंकोच मान लवविली पाहिजे.

प्रश्न त्या पोराचा नाही, त्याच्या चरित्रकारांचा आहे. अमरावती म्हटली की त्यांना आखाडा दिसतो, लाठी दिसते, पिळदार दंड दिसतात. त्याच अमरावतीत १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. विषय होता अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याचा. पंजाबराव देशमुख या लढ्यात उभे होते. गाव एक, काळ एक. पण क्रांतीच्या कहाणीत हे बंद दार कुठेच येत नाही. ज्यांनी परकी सत्ता पाहिली, त्यांना घरातली सत्ता का दिसू नये?

कोणी म्हणेल, क्रांतिकारकांच्या चरित्रात जातीचा प्रश्न कशाला घुसवता? तो त्यांच्यातच होता. राजगुरूचा सहकारी भगतसिंग याने १९२८ साली ‘किरती’ मासिकात अस्पृश्यतेवर लेख लिहिला आणि अस्पृश्यांनी स्वतःच्या बळावर संघटित व्हावे, असे बजावले. इकडे बाबासाहेबांच्या ‘जनता’ने १३ एप्रिल १९३१ रोजी ‘तीन बळी’ हा अग्रलेख लिहून या फाशीमागचे ब्रिटिश राजकारण उघडे केले. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे पाहिले होते. मधली भिंत नंतरच्या लेखणीने बांधली.

या भिंतीमुळे राजगुरू केवळ नेमबाज आणि धर्मवीर उरतो. समाजवादी प्रजासत्ताकाचे नाव घेणाऱ्या संघटनेचा सैनिक उरत नाही. आणि आपल्या वस्तीतल्या मुलाला वाटते, हा हुतात्मा दुसऱ्या कोणाचा तरी आहे. हे नुकसान दुहेरी आहे.

म्हणून शिक्षक मित्रांनो, येत्या २३ मार्चला हार जरूर घाला. पण लाहोरची गोळी सांगताना अंबादेवीचे दारही सांगा. कोणाचे स्वातंत्र्य, कशापासून स्वातंत्र्य, हा प्रश्न मुलांना विचारू द्या. तो प्रश्न टाळणारे चरित्र कितीही भक्तीने लिहिलेले असो, ते अर्धेच आहे.