आठ बाइटांची सही

पीएनजी चित्राची कोणतीही फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा. दशमान आकड्यांत वाचलं, तर आरंभी हेच आठ बाइट भेटतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. फाइलीची सही म्हणजे सहसा नुसतं नाव. ही सही प्रवासात काय घडलं तेही सांगते.

गिफला पर्याय म्हणून १९९५ मध्ये हे स्वरूप आकाराला आलं. तेव्हाच्या वाटा खडतर होत्या. काही वाहिन्या सातच बिट पुढे नेत. एफटीपी टेक्स्ट मोडमध्ये राहिलं, तर ओळींचे शेवट परस्पर बदलत. डॉस ओळ संपवताना १३ आणि १० असे दोन बाइट लिही, युनिक्स नुसता १०, जुना मॅकिंटॉश नुसता १३. मजकुराला ही अदलाबदल सोयीची. चित्राच्या घट्ट दाबलेल्या माहितीत मात्र एक बाइट इकडचा तिकडे झाला की पुढचं सगळं बिघडतं.

आता पहिला बाइट पाहा. १३७ म्हणजे सर्वांत वरचा बिट चालू. तो वाटेत कापला गेला की उरतो ९, आणि लबाडी पहिल्याच पावलावर उघडी पडते. आणखी एक गंमत: यूटीएफ-८ मध्ये या बाइटाने कोणतंही अक्षर सुरू होऊ शकत नाही. त्यामुळे चित्राला मजकूर समजून ‘दुरुस्त’ करणारा आजचा प्रोग्रॅमही इथेच पकडला जातो. हे मुद्दाम योजलं होतं असं मी म्हणणार नाही, पण नेमक्या रचनेला असे वरकड नफे होतात.

पुढची तीन अक्षरं पी, एन, जी. ती माणसाच्या डोळ्यांसाठी.

खरी कारागिरी त्यानंतर आहे. १३-१० ही डॉसची जोडी सहीत मुद्दाम ठेवली आहे. युनिक्सच्या वळणाने जाणारं रूपांतर तिच्यातला १३ गिळतं, आणि सही सात बाइटांची होते. मग शेवटी पुन्हा एकटा १० कशाला? उलट दिशेच्या प्रवासासाठी. डॉसकडे नेणारं हुशार रूपांतर आधीच्या जोडीला हात लावत नाही, फक्त एकट्या १० च्या आधी १३ घालतं. जोडीला न सापडलेला हा चोर शेवटच्या १० ला सापडतो. मधला २६ म्हणजे डॉसच्या लेखी फाइलीचा शेवट. कुणी ‘टाइप’ आज्ञेने चित्र पडद्यावर ओतलं, तरी चार चिन्हांपाशी छपाई थांबते. वापरणाऱ्याची एवढी काळजी आठ बाइटांत!

पीएनजीच्या प्रत्येक खंडाला सीआरसीची पडताळणी असतेच. पण ती ‘मोडलं’ एवढंच म्हणते. कसं मोडलं ते सही सांगते. म्हणून मी तिला लाखेच्या मोहोरेपेक्षा वरचढ मानतो.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. ‘म’चे २२४, १६४, १७४ हे तीन बाइट चुकीच्या संकेतनात वाचले, तर पडद्यावर तीन परकी चिन्हं उमटतात. बाइट शाबूत असतात, म्हणून संकेतन यूटीएफ-८ केलं की ‘म’ परत येतो. पीएनजीत गिळलेला १३ तसा येत नाही, कारण कोणत्या १० च्या आधी तो होता हे फाइलीला आठवत नाही. सहीत तो दिसला नाही, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. मूळ फाइल बायनरी मोडमध्ये पुन्हा मागवा.