गालभर पाणी

ज्यू लोकांच्या तालमुदात 'योमा' नावाचा ग्रंथ आहे, योम किप्पूर या दिवसाबद्दलचा. त्या दिवशी पंचवीस तास अन्न नाही, पाणी नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल याला दारफळणीचा सण म्हणत, म्हणजे दारं लावून घेण्याचा. या ग्रंथाचा आठवा अध्याय मी गेल्या भाद्रपदात इंग्रजीतून वाचला.

वाचायचं कारण सांगून टाकते. मला बारा वर्षं मधुमेह आहे, त्यातली सहा वर्षं इन्सुलिनवर. अनंत चतुर्दशीचा उपवास मी सोडला, तर मंदिरात एका बाईंनी चारचौघींत विचारलं, "काय हो वैनी, आता तप पण डॉक्टरला विचारूनच का?" मी हसले. घरी येऊन रडले. मग वाटलं, दुसऱ्या धर्मात या प्रश्नाचं काय केलंय ते तरी बघावं.

तर कायद्याच्या बाजूनं बघितलं, तर हा अध्याय थक्क करणारा आहे. इ.स. 200 च्या सुमाराची मिश्ना म्हणते, आजाऱ्याला जाणकारांच्या सल्ल्यानं खाऊ घाला; जाणकार नसतील तर त्याच्या स्वतःच्या शब्दावर घाला, तो पुरे म्हणेपर्यंत. पुढं चर्चा वाढत जाते. वैद्य म्हणतो गरज नाही, आजारी म्हणतो आहे, कुणाचं ऐकायचं? आजाऱ्याचं. शंभर जण नको म्हणाले तरी त्याचंच, असंही एक मत तिथं नोंदवलंय. स्वतःच्या जिवाचं दुखणं स्वतःलाच कळतं, असं त्यामागचं कारण. हे वाचून मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं आणि चहा केला. बिनसाखरेचा.

पण त्याच पानांवर एक गोष्ट आहे, आणि माझं भांडण तिच्याशी आहे.

दोन गरोदर बाया. दोघींना उपवासाच्या दिवशी अन्नाचा वास आला आणि खाण्याची अनावर वासना झाली. पहिलीसाठी रब्बी यहूदा हानासींना विचारलं. ते म्हणाले, तिच्या कानात सांगा, आज योम किप्पूर आहे. सांगितलं, ती शांत झाली. दुसरीसाठी रब्बी हनिनांना विचारलं. तिच्याही कानात सांगितलं, पण तिला धीर निघाला नाही. आता बघा काय होतं ते. पहिलीच्या पोटी थोर रब्बी योहानान जन्मले. दुसरीच्या पोटी शब्ताई, धान्य साठवून भाव चढवणारा.

म्हणजे कायदा म्हणतो, खा बाई. आणि गोष्ट म्हणते, खाल्लंस ना, मग बघ पोरगं कसं निघालं ते!

कायदा पंडित वाचतात. गोष्ट मात्र घराघरात जाते. आपल्याकडं वेगळं आहे का? षोडशकारणात 'शक्तितस्तप' आहे, ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणं तप. दर भाद्रपदात पूजेत आपण ते म्हणतो. पण लक्षात राहते ती रविव्रताची कथा, व्रताची निंदा केली म्हणून घरातलं धन गेलं ती. मला टोचून बोलणाऱ्या बाई काही दुष्ट नव्हेत. त्या कथेतून बोलत होत्या, इतकंच.

ही कोंडी फोडायचा प्रयत्न एका कथाकारानंच केलाय. डेव्हिड फ्रिशमान यांची 'जेवलेले तिघे' ही कथा हेलेना फ्रँक यांच्या 'यिडिश टेल्स' या 1912 च्या इंग्रजी संग्रहात मिळते. गावात कॉलरा आहे. योम किप्पूर नेमका शनिवारी आलाय. आणि भरलेल्या सभागृहात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, रब्बी आणि त्यांचे दोन धर्मन्यायाधीश खातात. लोकांनी खावं म्हणून आधी स्वतः खातात. इथं खाणं हेच पुण्य झालं. कथा सुंदर आहे, वादच नाही.

तरी मला ती पुरत नाही. खायला तीन मोठे पुरुष लागले, आणि कॉलरा लागला. कुणा रोग्याचा चेहरा वाचून झाल्यावर माझ्या मनात उरला नाही. शिवाय कॉलरा येतो नि जातो. मधुमेह दर वर्षी उपवासाला हजर असतो. इन्सुलिनवरच्या ज्यू बाईला तर एक योम किप्पूर नाही, वर्षाचे बावन्न शनिवार निभवायचे असतात. त्या दिवशी वीज चालवायची नाही, आणि साखर तपासायचं यंत्र तर विजेवरचं. जिवाला धोका म्हणून मुभा आहेच. पण दर आठवड्याला स्वतःच्या जिवाला धोका आहे असं म्हणत राहणं, याचा शीण कुठल्या ग्रंथात लिहिलाय?

या रोजच्या आजाराच्या सगळ्यात जवळ गोष्ट जात नाही, माप जातं. सोळाव्या शतकातल्या जोसेफ कारोंच्या 'शुल्हान आरूख'मध्ये आजाऱ्यानं थोडंथोडं खायची रीत दिली आहे. एका वेळी मोठ्या खजुरापेक्षा कमी अन्न, गालभर पाण्यापेक्षा कमी पाणी, मग थांबायचं. आज पुष्कळ ठिकाणी नऊ मिनिटं थांबतात. आणि गाल कुणाचा? ज्याचा त्याचा. बाजारातलं माप नाही हे. साखर उतरून हातपाय कापायला लागले तर नऊ मिनिटं कोण मोजणार, हे खरंच. तिथं थेट खायचं. पण एरवी त्या मापात बाईला उपवासातच ठेवलंय, बाहेर काढलेलं नाही. हातात घड्याळ घेऊन घोट घोट पिणारी बाई मला त्या तिघांपेक्षा जास्त दिसते.

तिची कथा मी शोधत्येय. आणि दुसऱ्या गरोदर बाईचीही. तिनं त्या दिवशी काय खाल्लं, पोट भरलं का, हे योमात नाही. पोराचं नाव तेवढं आहे.