काचबिंदूची प्रतिमा आणि तिचे वाचन

१८५१ साली हेल्महोल्ट्झने नेत्रांतर्दर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत डोळ्याचा तळ वैद्यास दिसू लागला. पुढे तीनच वर्षांनी बर्लिनच्या ग्रॅफेने असे लिहिले की, काचबिंदूत दृक्‌बिंब, म्हणजे दृक्‌तंत्रिका डोळ्याबाहेर पडते ते वर्तुळ, फुगून वर येते. व्हिएन्नाच्या येगरचेही मत तेच होते. वस्तुतः तेथे खळगा होता. एका डोळ्याने पाहणाऱ्यास उंचीखोलीचा भ्रम होतो. उपकरण निर्दोष होते, वाचन चुकले होते. ग्रॅफेने आपले मत लवकरच सुधारले, हे त्याच्या मोठेपणास साजेसेच झाले.

१९९१ मध्ये प्रथम वर्णिलेल्या प्रकाशीय छेदचित्रणाने, रुग्णालयांच्या बोलीतील ओसीटीने, खोलीचा भ्रम संपविला. तंत्रिकातंतूंच्या थराची जाडी आता मायक्रॉनमध्ये मिळते. परंतु यंत्र तेथे थांबत नाही. ते हिरवा, पिवळा, तांबडा असे रंगही देते, आणि वाचनाची चूक नव्या वाटेने परत येते. तांबडा रंग म्हणजे रोग नव्हे. त्या वयाच्या निरोगी नेत्रांपैकी शेकडा एकाहून कमी नेत्रांत आढळणारी जाडी, एवढाच त्याचा अर्थ. तीव्र ऱ्हस्वदृष्टीच्या डोळ्यात रोग नसताही तो उमटतो, आणि निरोगी मनुष्याच्या मागे आयुष्यभराचे थेंब लागतात. हिरवा रंग अधिक घातक म्हटला पाहिजे. मुळात जाड थर लाभलेला डोळा पुष्कळ तंतू गमावूनही हिरवाच राहतो; आणि गेलेले तंतू परत येत नाहीत.

तेव्हा डोळ्याची तुलना इतरांशी करण्यापेक्षा त्याच्याच पूर्वीच्या प्रतिमेशी करणे अधिक सयुक्तिक होय. या पद्धतीसही मर्यादा आहे. थर सुमारे ५० मायक्रॉनपर्यंत उतरला की उरते ते बहुतांशी रक्तवाहिन्या व आधारपेशी. यापुढे आकडा स्थिर राहतो, दृष्टी मात्र ढळत असते. अशा अवस्थेत दृष्टिक्षेत्राची जुनी, कंटाळवाणी परीक्षाच विश्वसनीय ठरते. शिवाय निरनिराळ्या यंत्रांची मापे परस्परांशी जुळत नाहीत. रुग्णालय बदलणाऱ्या रुग्णाच्या हातातील जुना कागद त्यामुळे नव्या कागदाशेजारी ठेवता येतो, पण त्यावरून वजाबाकी करता येत नाही.