‘हमारा’ बजाज : एका व्यापारनामाच्या जुनेपणाचा विचार

‘बजाज’ हा शब्द मुळात व्यवसायवाचक आहे. अरबीतून फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा अर्थ कापडाचा व्यापारी असा होतो. वर्ध्यासारख्या कापसाच्या मुलखात स्थिरावलेल्या एका मारवाडी घराण्याचे हे आडनाव, पुढे त्याच घराण्याच्या उद्योगामुळे, दोन चाकांच्या वाहनाचे नाव झाले. आणि आज वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही गावात ‘बजाज’ म्हटले की श्रोत्याच्या मनात कापड येत नाही, गाडी येते. शब्दाचा मूळ अर्थ असा बुजून जाणे भाषेच्या इतिहासात नवे नाही. विचार करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. ज्याला बाजारात ‘ब्रँड’ म्हणतात त्या व्यापारनामास कालांतराने जुनेपण येते. हे जुनेपण कधी भांडवल ठरते, तर कधी ओझे. बजाज या नावाच्या वाट्याला दोन्ही अवस्था आल्या, आणि त्या ज्या क्रमाने आल्या तो क्रम अमेरिकेतील ‘मसल कार’ या प्रसिद्ध वाहनप्रकाराच्या नेमका उलट आहे.

मसल कार म्हणजे बेताच्या आकाराच्या मोटारीत आठ सिलिंडरांचे अवाढव्य इंजिन बसवून तयार केलेली बलदंड गाडी. १९६४ सालच्या पाँटिअ‍ॅक जी.टी.ओ.पासून या प्रकाराचा आरंभ सामान्यतः मानला जातो. फोर्ड मस्टँगही त्याच वर्षी आली. काटेकोर वर्गीकरण करणारे तिला निराळ्या वर्गात घालतात, परंतु लोकस्मृतीने हा भेद फारसा मानलेला नाही. प्रदूषणविषयक कायदे, विम्याचे वाढते दर आणि १९७३ चे तेलसंकट यांनी या गाड्यांचा पहिला बहर अवघ्या दहा वर्षांत संपविला. पुढे तीसेक वर्षांनी त्याच कंपन्यांनी जुनी रूपे नव्या पत्र्यात उतरविली. २००५ ची मस्टँग, २००८ ची डॉज चॅलेंजर, पाठोपाठ आलेली शेव्हरले कॅमारो, या सर्व गाड्या आपल्या आजोबांच्या चेहऱ्याच्या होत्या. तेथे जुनेपण हीच विक्रीची वस्तू झाली. गिऱ्हाइकाला जे विकले जात होते ते एका काळाच्या बेदरकार सामर्थ्याचे स्मरण होते, आणि असे स्मरण विकणे सोपे असते, कारण सामर्थ्याच्या आठवणीत कोणालाही आपण लहान होतो असे वाटत नाही.

बजाजच्या नावाशी जडलेली आठवण अशा प्रकारची नाही. जमनालाल बजाज (१८८९–१९४२) हे वर्ध्याच्या सेठ बच्छराजांच्या घरी दत्तक आले. सरकारने दिलेली रायबहादुर ही पदवी त्यांनी असहकाराच्या काळात टाकली, १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, आणि गांधीजींना वर्ध्यास आणण्यात त्यांचाच आग्रह मुख्य होता. १९३६ साली गांधीजी वर्ध्याहून सुमारे आठ किलोमीटरवरील शेगाव येथे राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. त्या रस्त्याच्या आठवणींत एका अपूर्व वाहनाची गोष्ट सांगितली जाते. फोर्ड मोटारीच्या सांगाड्याला बैल जुंपून ती वर्धा-सेवाग्राम वाटेवर चालविली जाई, आणि इंग्रजीत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात यावर श्लेष करून तिला ‘ऑक्सफर्ड’ हे नाव पडले होते. ज्या फोर्डने पुढे मस्टँग घडविली त्याच फोर्डची ही इंजिनाविना चालणारी बहीण म्हणावयास हरकत नाही. हा विनोद नुसता विनोद नव्हे. गाडीचे मोल तिच्या बळात नसून ती कोणाला कोठे पोचविते यात आहे, ही समजूत त्यात गृहीत आहे. स्वतः गांधीजींनी यंत्राविषयीच्या आपल्या आक्षेपातून सिंगरच्या शिवणयंत्रास वगळले होते, ही गोष्टही येथे लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

जमनालालांनी स्कूटर पाहिली नाही. १९४५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. १९५९ साली तिला दुचाकी व तीनचाकी वाहने बनविण्याचा परवाना मिळाला. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ साली संपल्यावर १९७२ साली ‘चेतक’ या नावाने स्कूटर बाजारात आली. व्हेस्पाच्या घडणीवर बेतलेली ही स्कूटर पुण्याजवळ आकुर्डीत बनत होती, वर्ध्यात नव्हे. तरीही घराण्याच्या नावाबरोबर साधेपणाची आणि स्वदेशीची जी छाया आली ती कोणत्याही जाहिरातीने निर्माण केलेली नव्हती.

चेतक आणि मस्टँग ही दोन्ही घोड्यांची नावे आहेत, हा योगायोग टीकाकाराला सहज सोडता येण्यासारखा नाही. मस्टँग म्हणजे अमेरिकेच्या माळावर मोकाट हिंडणारा, कोणाच्याही दावणीला नसलेला घोडा. शब्दाचे स्पॅनिश मूळही भटके, बेवारशी जनावर असेच आहे. चेतक हा राणा प्रतापाचा घोडा. तो लोकांच्या स्मरणात राहिला आहे तो जखमी पायाने धन्याला रणातून बाहेर काढून मग प्राण सोडणारा सेवक म्हणून. एका नावात मालकापासून सुटका आहे, दुसऱ्यात मालकाशी बांधिलकी. वाहनाला नाव देणाऱ्यांनी हे सारे मनात आणले होते असे मुळीच समजण्याचे कारण नाही. नावे पुष्कळदा नाव ठेवणाऱ्यापेक्षा अधिक जाणतात.

चेतकचा अनुभवही याच बांधिलकीचा होता. परवाना-पद्धतीच्या काळात उत्पादनावर मर्यादा असल्यामुळे नोंदणी केल्यावर गाडी हाती येण्यास वर्षेच्या वर्षे लागत. वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग विकली जाई. मिळाल्यावर तिच्यावर नवरा, बायको आणि दोन मुले असा अख्खा संसार बसे. सकाळी ती सुरू होत नसली म्हणजे तिला एका अंगाला कलती करून पुन्हा उभी करावयाची व मग लाथ मारावयाची, हा विधी त्या पिढीतील बहुतेक घरांना पाठ होता. या गाडीत ऐट नव्हती. गांधीजींच्या शिवणयंत्राशी तिचे नाते जुळते ते येथे : घरातल्या कामाला वाहिलेले, घरच्या माणसाने दुरुस्त करता येईल असे ते यंत्र होते. अर्थात् या चित्रास रम्य करण्याचे कारण नाही. नोंदणी करून थांबणारा मनुष्य निष्ठावान नसतो, निरुपाय असतो. गिऱ्हाइकाच्या प्रेमाचा काही भाग हा टंचाईचा परिणाम होता, आणि टंचाई संपताच तो ओसरला.

१९८९ साली दूरदर्शनवर आलेली ‘हमारा बजाज’ ही जाहिरात या संबंधाचे सर्वांत यशस्वी वाङ्‌मयीन रूप होय. निरनिराळ्या धर्मांची, प्रांतांची आणि वयांची सामान्य माणसे आपापल्या स्कूटरसह तीत दिसतात. गाडीच्या वेगाविषयी ती जवळजवळ मौन पाळते. तिचे खरे सामर्थ्य मात्र एका सर्वनामात आहे. हिंदी ‘हमारा’ हा शब्द दुहेरी आहे : बोलणारा ऐकणाऱ्यास आपल्यात धरतो की वगळतो हे त्यावरून कळत नाही. मराठीत ही संदिग्धता ठेवता येत नाही. ‘आमचा बजाज’ म्हटले की तो कंपनीचा किंवा वर्ध्याच्या घराण्याचा होतो. ‘आपला बजाज’ म्हटले की तो ऐकणाऱ्याचाही होतो. जाहिरात कंपनीने काढली, म्हणजे व्यवहारतः वाक्य ‘आमचा’चे आहे, पडद्यावरची माणसे मात्र ते ‘आपला’ या अर्थाने गातात. कंपनीची मालकी आणि जनतेची आपुलकी एका शब्दात विरघळविण्याची ही किमया मराठी भाषांतरात तत्काळ उघडी पडली असती. मराठी प्रेक्षकाने ती हिंदीतच ऐकली आणि मनात ‘आपला’ असाच अर्थ लावला.

तथापि या जाहिरातीच्या काळातच चेतकचा पाया सुटू लागला होता. जपानी सहकार्याने आलेल्या चार-स्ट्रोक मोटारसायकली कमी पेट्रोल पीत, आणि १९९१ नंतर वाट पाहण्याचे बंधन उरले नाही. बजाज हे नाव तरुणांच्या दृष्टीने वडिलांच्या गाडीचे नाव ठरले. या अडचणीला कंपनीने दिलेले उत्तर म्हणजे २००१ सालची ‘पल्सर’. इंधनाची टाकी फुगीर, खांदे भरलेले, आणि जाहिरातीचे इंग्रजी घोषवाक्य असे की ही गाडी निःसंशय पुरुष आहे. मसल कारची संपूर्ण भाषा येथे दीडशे आणि एकशेऐंशी घन सेंटिमीटरांच्या इंजिनात उतरविण्यात आली. पाँटिअ‍ॅकच्या इंजिनापुढे ही इंजिने खेळण्यासारखी होत. परंतु ‘मसल’ हा शब्द मापाचा नाही, पवित्र्याचा आहे. पल्सर उत्तम चालली, आणि यंत्र म्हणून तिचे यश खरे होते.

घोषवाक्याची गोष्ट निराळी. जाहिरातीने कितीही बजावले तरी मराठी माणूस ‘माझी पल्सर’ असेच म्हणतो; गाडी, मोटारसायकल, स्कूटर ही सारी स्त्रीलिंगी असल्यामुळे पल्सरही स्त्रीलिंगीच राहिली, जशी पूर्वी राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव धारण करूनही चेतक राहिली होती. व्याकरणाने घोषवाक्य मानले नाही. हा केवळ व्याकरणाचा अपघात समजू नये. ‘हमारा’ हा शब्द सर्वांना सामावून घेत होता. ‘पुरुष’ हा शब्द अर्ध्या गिऱ्हाइकांना दाराबाहेर ठेवून उरलेल्यांची खुशामत करीत होता. जुनेपण टाळण्यासाठी कंपनीने जो मार्ग पत्करला तो अमेरिकेत १९६४ साली नवा होता. आधुनिकतेच्या नावाखाली सदतीस वर्षांपूर्वीचे जुने येथे आणले गेले, ही त्या जाहिरातीची मुख्य उणीव होय, आणि यशाच्या कौतुकात तिच्याकडे दुर्लक्ष होत आले आहे.

२००९ च्या अखेरीस राजीव बजाज यांनी स्कूटरचे उत्पादन बंद करून मोटारसायकलींवरच लक्ष केंद्रित करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांचे वडील राहुल बजाज (१९३८–२०२२) यांनी त्याबद्दलचे दुःख उघडपणे बोलून दाखविले. धंद्याच्या तर्काने मुलाची बाजू सबळ होती : एका नावाने एकच गोष्ट सांगावी. वडिलांच्या बाजूला तर्क नव्हता, पण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. हे नाव कंपनीने एकटीने घडविलेले नव्हते. ‘हमारा’ म्हणणाऱ्यांचा त्यात वाटा होता.

जुनेपण बळाच्या रूपाने जपणारी गाडी भारतात नव्हती असे नाही. रॉयल एनफील्डची बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली, आणि लष्कर, पोलीस व गावचे पाटील यांच्यामुळे तिला अधिकाराचा वास आला. २००८ नंतर तिचे इंजिन नव्या बांधणीचे झाले, तरी बाह्य रूप शक्य तेवढे तेच राखण्यात आले. तिचे गिऱ्हाईक तिच्या आवाजावर प्रेम करते. इतके की आवाज वाढविण्यासाठी बदललेले सायलेन्सर जप्त करून ते रोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रम पोलिसांना अनेक शहरांत करावे लागतात. मसल कारचा खरा भारतीय सोयरा शोधावयाचा तर तो पल्सर नव्हे, बुलेट होय.

आवाजाचा हा मुद्दा विजेच्या गाड्यांच्या काळात निर्णायक ठरतो. डॉजने २०२३ मध्ये आठ सिलिंडरांच्या चार्जर व चॅलेंजर यांचे उत्पादन थांबविले आणि २०२४ मध्ये विजेवरची चार्जर आणली. तीत जुन्या इंजिनाच्या गर्जनेची नक्कल करणारी ध्वनियंत्रणा मुद्दाम बसविण्यात आली. गर्जनेवाचून त्या नावाला अर्थ उरत नव्हता. बजाजने २०१९ च्या ऑक्टोबरात विजेवरची चेतक दाखविली व २०२० च्या जानेवारीत ती विक्रीस आणली. जुन्या चेतकचा फटफट आवाज तीत कोणी भरला नाही, आणि त्यावाचून काही अडलेही नाही. भर दिला गेला तो धातूच्या अंगावर : इतर स्कूटर प्लास्टिकच्या झाल्या असताना हिचा पत्रा खरा आहे, यावर. मसल कारची स्मृती कानात होती. चेतकची हातात, तिला पुसणाऱ्या आणि कलती करणाऱ्या हातात होती. त्यामुळे येथे नकलेची गरज पडली नाही, आणि या बाबतीत बजाजची नवी चेतक डॉजच्या नव्या चार्जरपेक्षा अधिक प्रामाणिक वस्तू आहे, असे म्हणणे प्राप्त आहे. मात्र तिचे अंग परत आले तसा तिचा संबंध परत आलेला नाही. ती कलती करावी लागत नाही, घरी उघडता येत नाही, आणि बिघडली तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या हाती फारसे काही नसते. शिवणयंत्राशी असलेले नाते तेवढे तुटले आहे.

दरम्यान पल्सरही वयात आली आहे. २०२२ मध्ये बंद केलेली दोनशेवीस इंजिनाची पल्सर जवळजवळ त्याच रूपात २०२३ मध्ये पुन्हा विक्रीस आली, ती तिच्या जुन्या चाहत्यांसाठी. निःसंशय पुरुष म्हणून जन्मलेली ही गाडी आता आठवण म्हणून विकली जाऊ लागली आहे. आणि वर्ध्याच्या बाजारात तिच्याविषयी बोलताना, विकणारा व घेणारा दोघेही, अजून ‘ती’ असेच म्हणतात.