‘फँड्री’ आणि आपण

कैकाडी बोलीत डुकराला ‘फँड्री’ म्हणतात. या नावाचा मराठी चित्रपट २०१४ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. नायकाचं काम करणारा सोमनाथ अवघडे हा मुलगाही त्याच तालुक्यातला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा आणि बालकलाकाराचा, असे दोन राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाले. त्यानंतर २०१६ साली आलेला ‘सैराट’ आपल्या मोहल्ल्यांतही घरोघर पाहिला गेला. ‘फँड्री’ मात्र आपल्याकडे फारसा पाहिला गेला नाही. नाव ऐकूनच अनेकांनी ‘तौबा’ म्हटलं. म्हणूनच त्याविषयी इथं लिहावंसं वाटतं.

कथा साधी आहे. जांबुवंत ऊर्फ जब्या माने हा गावाबाहेर राहणाऱ्या कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. वर्गातल्या शालूवर त्याचं मन जडलं आहे. काळी चिमणी सापडली, तिला जाळून राख केली आणि ती शालूवर टाकली तर ती आपली होईल, या आशेनं तो पिऱ्या या मित्राबरोबर रानोमाळ हिंडतो. त्याला जीन्सची पँट हवी आहे. घरी बहिणीच्या लग्नासाठी पैसा हवा आहे. बाप कचरू गावकऱ्यांसमोर सदा वाकलेला. किशोर कदम यांनी हा बाप असा उभा केला आहे की त्याची चीड येते आणि कीवही येते. शेवटी गावातलं डुक्कर पकडण्याचं काम या कुटुंबावर पडतं, आणि तेही शाळेजवळ, सगळ्या वर्गाच्या डोळ्यांदेखत.

गरिबीवरचे चित्रपट पुष्कळ आहेत. त्यांत बहुधा उपास असतो, फाटके कपडे असतात, रडणारी आई असते. ‘फँड्री’त जब्या उपाशी मरत नाही. त्याला दोन वेळची भाकर मिळते. त्याला छळते ती लाज. जत्रेत तो बेभान होऊन नाचत असतो, तेवढ्यात बाप त्याला डोक्यावर दिवा घेऊन उभं राहायला लावतो. नाचणाऱ्यांवर उजेड पडतो आणि जब्या त्या उजेडाखाली रडत उभा राहतो. पोटाची भूक भागवता येते, पण चारचौघांतला असा अपमान लेकराच्या मनातून जात नाही. वर्गात शिकवणाऱ्या कोणत्याही माणसाला हे पटेल. फी माफ झालेल्या मुलांची नावं मोठ्यानं वाचली की कोणती मान खाली जाते, हे शिक्षकाला फळ्याजवळून दिसतं.

चित्रपटातल्या शाळेत चोखोबांचा अभंग शिकवला जातो. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र आहे. त्याच भिंतीसमोरून माने कुटुंब मेलेलं डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेतं. यावर कोणी भाष्य करत नाही, पार्श्वसंगीतही गळा काढत नाही. डुकराचा पाठलाग ऐन भरात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं घर जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर मात्र थांबत नाही. देशाचा मान राखणाऱ्या या माणसांचा मान गावात कोण राखतो, हा प्रश्न एकही शब्द न उच्चारता प्रेक्षकापर्यंत पोचतो.

या कथेची मुळं आपल्या शहरातही आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. त्यांतल्या काहींना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, कुंपण गेलं. त्या वस्तीला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं तेव्हा कैकाड्यांचं जगणं मराठी वाचकाला प्रथम आतून कळलं. ‘फँड्री’ने ते पडद्यावर आणलं. माने कुटुंब घरात कैकाडी बोलतं, शाळेत मराठी चालते. आपली मुलंही घरी दखनी, शाळेत किताबी उर्दू आणि बाजारात मराठी बोलतात. घरातली बोली चारचौघांत तोंडातून निघाली की हसू होतं, हा अनुभव त्यांना कोणी समजावून सांगायला नको.

आता त्या ‘तौबा’विषयी. डुकराचं मांस खाणं आपल्याला हराम आहे, यात वाद नाही. पण हराम आहे ते मांस. डुक्कर पकडून पोट भरणारा माणूस त्यामुळे नापाक ठरत नाही. चित्रपटातलं गाव जनावराची किळस माणसावर ढकलतं. जनावराचं नाव त्या मुलाला शिवी म्हणून चिकटवतं. आपण नाव ऐकून पाठ फिरवली तर त्या गावात आणि आपल्यात फरक काय उरला? मसावातच्या गोष्टी आपण जलशात आवडीनं ऐकतो. तरीही सोयरीक जुळवताना बिरादरी विचारली जाते आणि पिंजारी, कसाई, फकीर हे शब्द हेटाळणीनं उच्चारले जातात.

चित्रपटात उणिवा नाहीत असं नाही. शालूला स्वतःचं मन दिलेलं नाही. ती जब्याच्या डोळ्यांतूनच दिसते आणि शेवटी हसणाऱ्यांच्या गर्दीत सामील होते. तिला काय वाटतं, तिच्या घरी काय शिकवलं जातं, हे कळलं असतं तर तिचं हसूही समजलं असतं. जब्याच्या बहिणींच्या वाट्यालाही फारसं काही आलेलं नाही. काळ्या चिमणीचं रूपक काही ठिकाणी जरा ताणलं आहे.

पण शेवट या उणिवा विसरायला लावतो. चिडवणाऱ्यांवर जब्या दगड फेकत सुटतो, आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे बघणाऱ्याकडे येतो. एरवी आपण दगड खाणाऱ्यांत स्वतःला मोजतो, आणि त्याला कारणंही आहेत. इथं मात्र आपण बघ्यांच्या रांगेत बसलेलो असतो. घरातल्या मोठ्या मुलामुलींना सोबत बसवून हा चित्रपट पाहावा, आणि तो दगड आपल्याकडे का आला, हे त्यांनाच विचारावं.