मोल्सवर्थचं इंग्रजी कोण समजावणार?

(हिंगणा येथील जाहीर व्याख्यानाच्या शब्दांकनातून)

मंडळी, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं कौतुक आपण नेहमी करतो, आणि ते रास्तच आहे. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. नामाचं लिंग कोणतं, शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, हे सगळं तो खुणांनी सांगतो. पण त्यातली मराठी जितकी जुनी, तितकीच इंग्रजीही जुनी, हे आपण विसरतो.

'कॉर्न' घ्या. आपल्यासमोर लगेच मक्याचं कणीस येतं. तेव्हाच्या ब्रिटिश इंग्रजीत कॉर्न म्हणजे धान्य. १८४६ साली इंग्लंडात 'कॉर्न लॉज' रद्द ठरले, ते काही मक्याचे कायदे नव्हते. आता खळ्यावरच्या शब्दाचा अर्थ लावताना कॉर्नचा मका केला, तर आपली ज्वारी गेली कुठे?

दुसरा शब्द 'वाँट'. आज तो क्रियापद, अर्थ हवं असणं. जुन्या लेखनात तो सर्रास नाम, अर्थ उणीव. 'वाँट ऑफ वॉटर' म्हणजे पाण्याची टंचाई. शब्दाची जात चुकली की टंचाईची हौस होऊन बसते!

कोश आज संगणकावर सहज मिळतो, पण त्या इंग्रजीला टिपा नाहीत. घरात पहिल्यांदाच शिकणारं पोर कोशावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. त्याच्यासाठी एक छोटी पुरवणी हवी: जुना इंग्रजी शब्द, त्याची जात, तेव्हाचा अर्थ आणि आजची मराठी. मोल्सवर्थचा खरा सन्मान त्यात आहे.