‘स्मृतिचित्रे’मधील न उच्चारलेले आभार

आपल्या मंडळाच्या मागील बैठकीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर चर्चा झाली. बहुतेक वक्त्यांनी बाईंच्या विनोदबुद्धीची वाखाणणी केली. अखेरीस एका ज्येष्ठ भगिनींनी विचारले, “एवढे सोसूनही या बाईंना राग कसा येत नाही?” वेळ संपली होती, त्यामुळे प्रश्न अनुत्तरित राहिला. तो घरी आल्यावरही मनातून जाईना, म्हणून पुस्तक पुन्हा हाती घेतले.

प्रथम एक दुरुस्ती केली पाहिजे. राग येतो, आणि चांगला येतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा लक्ष्मीबाई पदरी लहानगा दत्तू घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने दिवस काढू लागल्या. या ताटातुटीची पाने वाचताना बाईंची हसरी लेखणी कुठे गेली, असे वाटते. पतीवरचा संताप, लोकांच्या नजरा, देहाला लागलेले दुखणे, काहीही त्यांनी झाकलेले नाही. पुढे त्या नगरला पतीकडे गेल्या, १९०० साली स्वतःही दीक्षा घेतली आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कामात संसारासह ओढल्या गेल्या. त्यानंतरही टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता घराबाहेर पडणे, हातातला पैसा समोर येईल त्या गरजवंताला देऊन टाकणे, हे सारे त्या लिहितात. वकिलाच्या चोखपणाने लिहितात, असे म्हटले तरी चालेल.

तरीही त्या भगिनींच्या प्रश्नात तथ्य होते. रागाची नोंद आहे, पण पुस्तकाचा स्थायीभाव राग नाही. तो कृतज्ञता आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र ही कृतज्ञता ओळखायला वेळ लागतो, कारण ती आभाराच्या भाषेत येत नाही.

त्या काळी मिशनच्या कामाचे अहवाल आणि पत्रे लिहिण्याची एक रूढ रीत होती. आधी संकट, मग धीर, आणि अखेर परमेश्वराची स्तुती. असे लेखन खोटे असते असे मी म्हणणार नाही. पण शासकीय सेवेत तीस-पस्तीस वर्षे अहवाल लिहिलेल्या माणसाला साच्यात बसवलेले समाधान चटकन ओळखू येते! लक्ष्मीबाईंना हा साचा उपलब्ध होता, त्यांच्या भोवती तो रोज वापरला जात होता, आणि त्यांनी तो जवळजवळ टाळला. नगरच्या प्लेगच्या दिवसांतील प्रकरणे पाहावीत. माणसे पटापट मरत आहेत, गावाबाहेर छावण्या पडल्या आहेत, बाई रोग्यांच्या शुश्रूषेला उभ्या आहेत. या ठिकाणी दुसऱ्या एखाद्या लेखिकेने आपल्या सेवेचे तरी वर्णन केले असते, नाहीतर देवाचे आभार तरी मानले असते. लक्ष्मीबाई आपली भीती आणि आपली फजिती सांगतात, आणि भोवतालच्या माणसांकडे पाहतात. कोण कसे वागले, कोणी काय आणून दिले, कोण कसे बोलले, हे त्यांना तीस वर्षांनंतरही आठवते.

माझ्या मते बाईंचे आभार ते हेच. ज्याने अडचणीत हात दिला त्याला त्या विसरत नाहीत, आणि त्याची लकब, त्याचा विक्षिप्तपणा यांच्यासकट त्याला पानावर जिवंत उभा करतात. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले. त्यांच्या आठवणी बाईंनी आईच्या मायेने लिहिल्या आहेत, पण त्यातही थट्टा आहेच. ज्या घरात आपल्याच माणसांची भ्रांत, तिथे परक्यांची मुले वाढत होती, आणि हिशेब मांडताना बाई खर्चाची बाजू सांगून जमेच्या बाजूवर रेंगाळतात. विनोद हा त्यांच्या दुःखावरचा पडदा आहे, हे आपल्याकडे वारंवार म्हटले जाणारे विधान मला पटत नाही. पडद्याआड काही लपवावे, असा त्यांचा स्वभावच दिसत नाही.

येथे एक आक्षेप घेतला पाहिजे. या कृतज्ञतेच्या उजेडात टिळक फार सहज सुटतात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. अशा निर्णयाची किंमत घरातल्या बाईला मोजावी लागते, आणि ती किंमत पुस्तकात आहे, पण निर्णय घेणाऱ्याला जाब विचारलेला नाही. १९१९ साली टिळक गेले. त्यानंतर पंधरा वर्षांनी हे लेखन प्रसिद्ध होऊ लागले, १९३४ ते १९३७ या काळात चार भाग निघाले, आणि शेवटचा भाग निघाला तेव्हा बाई हयात नव्हत्या. वियोगाने आठवणी मऊ केल्या असतील काय? असतील. पुढच्या भागांत वर्णनाची गती वाढते आणि माणसे पहिल्या भागाइतकी ठसत नाहीत, हेही कबूल केले पाहिजे.

टिळकांच्या मनाचा पालट जिथून सुरू झाला, तो नागपूर ते राजनांदगाव हा रेल्वेचा प्रवास. त्या गाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल वाचण्याचा आग्रह केला. छत्तीसगड वेगळे होण्यापूर्वी राजनांदगावला माझी नेमणूक होती, आणि आई काही महिने तिथे माझ्याकडे होती. तिथेच तिने हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचले. आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या इंदूर-ग्वाल्हेरकडची. नवऱ्याच्या बदलीमागे बिऱ्हाड हलवणे तिला नवे नव्हते. मी तिला म्हटले, बाईंचे मन किती मोठे. ती म्हणाली, “मन मोठं होतं हे खरं, पण तिला कुणी विचारलं होतं का?” मी त्या वेळी उत्तर दिले नाही, आणि आजही माझ्याकडे उत्तर आहे असे नाही.

तिची प्रत माझ्याकडे आहे. ताटातुटीच्या पानांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. प्लेगच्या प्रकरणावर एकही रेघ नाही, पण ते पान उघडे ठेवून ठेवून पुस्तकाची शिवण तेवढ्या ठिकाणी सैल झाली आहे.